लखनौची मीनाकारी
इ. स. १७७५ मध्ये नवाब आसफउद्दौला याने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौस हलविली, तेव्हा दरबाराच्या आश्रयाने सराफ, जडिये व मीनाकार यांच्या कसबास येथे बहर आला. रुप्यावर निळ्या-हिरव्या मिन्याची नाजूक वेलबुट्टी हे त्या कसबाचे वैशिष्ट्य, तर केसांच्या एका बाजूस रुळणारा झूमर हे बेगमांच्या शृंगाराचे ललामभूत लेणे होते. १८५६ मध्ये कंपनी सरकारने अवधचा नवाब वाजिद अली शाह यास पदच्युत करून राज्य खालसा केले आणि कारागिरांचा मोठा आधार तुटला. तथापि लखनौच्या चौक भागातील सराफी पेठ आजही नांदती आहे. लेकीसुनांस आगळे लेणे देऊ इच्छिणाऱ्याने तेथे केवळ वजन न पाहता कारागिराच्या हाताचे मोल जाणावे. गुणग्राहक गिऱ्हाईक हाच आता या कलेचा खरा आश्रयदाता होय.