कायमचा हुकूम आणि कालची जागा

संगणकाच्या गाभ्याभोवती बसून आपले लेखी हुकूम आत पोचवणाऱ्या व्यवस्थेला शेल, म्हणजे कवच म्हणतात. नारळाच्या मुलखात करवंटीचे काम वेगळे समजावयास नको.

युनिक्सचे पहिले शेल केन थॉम्प्सन यांनी १९७१ साली लिहिले. १९७९ मध्ये स्टीफन बोर्न यांचे शेल आले. माणूस कामाला बसताच ते 'प्रोफाइल' नावाच्या फाइलीतले हुकूम आपोआप बजावी. १९४६ च्या कायद्याने कारखान्यांत स्थायी आदेश लेखी झाले, तसलाच हा प्रकार. तेव्हा प्रत्येक बैठक कोऱ्या पाटीवर सुरू होई. पुढे २०११ साली ॲपलच्या 'लायन' प्रणालीने बंद केलेल्या खिडक्या पुन्हा उघडून देण्यास आरंभ केला. येथे एका नोकराला दोन धनी झाले.

माझा भाचा मे महिन्यात मालवणास आला होता. त्याने टर्मिनलची कालची खिडकी उघडली. पडद्यावर कालचाच मजकूर होता. पण त्याच्याच प्रारंभीच्या फाइलीतल्या एका जुन्या ओळीने त्याला निमूटपणे दुसऱ्या कप्प्यात नेऊन बसवले होते. त्याने टाकाऊ फाइली पुसण्याचा हुकूम दिला, आणि पुसल्या गेल्या त्या कामाच्या!

दोष कोणाचा? दोन्ही हुकूम इमानाने पाळले गेले. शेवटचा शब्द कोणाचा, एवढेच ठरले नव्हते. ती ओळ काढली आणि तंटा मिटला. नवा करार करताना जुन्यातले काय रद्द, हे आम्ही लिहून घेतो ते याचसाठी. विसरलेला आदेश मेलेला नसतो.