धातूच्या सान्निध्यातील प्रकाश : प्रतिदीप्ती-संवेदनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
काही रेणू प्रकाश शोषून घेतात व क्षणार्धात अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. या घटनेस प्रतिदीप्ती म्हणजेच फ्लुरोसन्स असे म्हणतात. रक्तातील वा पाण्यातील सूक्ष्म घटक हुडकण्यासाठी अशा रेणूंचा खूण म्हणून उपयोग होतो; मात्र घटक अत्यल्प असल्यास खुणेचा प्रकाशही क्षीण असतो. धातूच्या साहाय्याने तो वाढविण्याचा विचार कसा विकसित झाला, याचा प्रस्तुत लेखात मागोवा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे द्रवास माणकासारखा लाल रंग येतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये दाखविले. १९०८ मध्ये गुस्टाफ मी यांनी त्याची गणिती उपपत्ती मांडली. उत्सर्जनाचा वेग परिसरावरही अवलंबून असतो, हे एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये प्रतिपादिले. १९७० च्या सुमारास कार्ल ड्रेक्सहागे यांनी आरसा व दीप्तिमान रेणू यांच्यामध्ये मेदाम्लाचे थर रचून अंतर बदलत नेले, तेव्हा रेणूंचा दीप्तिकालही बदलत गेला. २००१ पासून बाल्टिमोर येथील जोसेफ लाकोविच यांनी हे तत्त्व जैविक संवेदनाकडे वळविले.

धातूचे द्विविध कार्य :
धातुकणाजवळ विद्युत्क्षेत्र तीव्र होते, त्यामुळे रेणू अधिक उद्दीपित होतो व अधिक वेगाने प्रकाश देतो. परंतु तोच रेणू धातूस चिकटल्यास त्याची ऊर्जा धातूत जिरते व दीप्ती विझते. २००६ मध्ये एकच सुवर्णकण व एकच रेणू घेऊन झालेल्या प्रयोगांत काही नॅनोमीटरच्या फरकाने वर्धनाचे शमनात रूपांतर होताना दिसले. म्हणजेच, निर्णायक ठरते ते अंतर.

महाराष्ट्रातील संदर्भ :
पुणे येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री व सहकाऱ्यांनी गवती चहाच्या अर्कापासून त्रिकोणी सुवर्णकण तयार केले. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अॅक्ट्रेक’ संस्थेत मुखकर्करोगाच्या निदानासाठी रामन वर्णपटाचा अभ्यास झाला आहे. रामन प्रकाश मुळातच दुबळा असल्याने तेथे ऊतींची स्वाभाविक प्रतिदीप्ती अडथळा ठरते. धातुपृष्ठावर मात्र रामन संकेत वाढतो आणि चिकटलेल्या रेणूंची प्रतिदीप्ती शमते. एका पद्धतीत जो दोष, तोच दुसरीत गुण ठरतो.

समारोप :
सुवर्णकण तयार करणे आज महाविद्यालयीन प्रयोगशाळेसही शक्य आहे. कण व रेणू यांतील अंतर राखणे मात्र कठीण आहे. अंतराचा उल्लेख न करता दिलेले ‘इतक्या पटींनी वर्धन’ हे आकडे म्हणूनच अपुरे होत. निदानाचा निर्णय ज्या प्रकाशावर व्हावयाचा, तो रोगाच्या खुणेमुळे वाढला की कणांच्या विषम मांडणीमुळे, हे आधी सिद्ध झाले पाहिजे. अन्यथा निरोगी माणूस रोगी ठरेल आणि रोगी माणूस उपचारावाचून राहील.