गुरुवारची रात्र



मला फुटबॉलमधलं काही कळत नाही हे आधीच कबूल करते. अमेरिकन फुटबॉलमधलं तर मुळीच नाही. तरी आज त्यावरच लिहिते आहे, याला कारण आमचा नातू. तो खेळत नाही, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. पण बँडला प्रत्येक सामन्याला जावं लागतं, म्हणून लेक-जावयालाही जावं लागतं, आणि मी टेक्सासमध्ये असले की मलाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं, आपण चुकून एखाद्या जत्रेत आलो. शुक्रवारची संध्याकाळ, डोळे दिपवणारे दिवे, तळलेल्या पदार्थांचे वास, ढोल, अंगभर शाळेचे रंग ल्यालेल्या आज्या. मैदानात मात्र सोळा-सतरा वर्षांची शाळकरी पोरं! आपल्याकडे आंतरशालेय कबड्डीला दोन शिक्षक आणि राखीव खेळाडू एवढेच प्रेक्षक असतात. (खेळ थोडक्यात असा. लंबगोल चेंडू, अकरा-अकरा गडी. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. बारा मिनिटांचे चार भाग असतात, पण घड्याळ इतक्या वेळा थांबतं की अडीच तास सहज जातात.)

माझं लक्ष वेधलं ते कडेला उभ्या असलेल्या एका पोट सुटलेल्या गृहस्थानं. सगळे त्यांना नुसतं 'कोच' म्हणत होते. नाव नाही, आडनाव नाही. पालक, पोलीस, पन्नाशीचे बाप्ये, सगळे 'कोच'! आपल्या खेड्यांत 'गुरुजी' म्हटलं की अमुक एकच माणूस, आणि तो निवृत्त झाला, म्हातारा झाला तरी गुरुजीच. इतकी वर्षं शाळेत काढल्यावर हा शब्द कानाला लागणारच. मग मी लेकीकडून लायब्ररीचं कार्ड घेतलं आणि वाचायला बसले. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, तेव्हा शब्दकोश शेजारी ठेवून आणि सावकाश. पण दुपारी घरात दुसरं काय असतं?

दक्षिणेतल्या लहान गावांत हा खेळ एवढा का रुजला याची कारणं बरीच सांगतात. मला त्यातलं एकच खरं वाटतं. गावात कापडगिरणी किंवा लाकडाची वखार, दोन-चार चर्च आणि एक हायस्कूल. व्यावसायिक संघ शेकडो मैल दूर. आठवडाभर राबलेल्या माणसाला शुक्रवारी संध्याकाळी जायला एकच जागा होती आणि तिथं त्याचाच मुलगा, भाचा किंवा शेजारी खेळत होता. मैदानांवर विजेचे दिवे आले आणि ती रात्र पक्की झाली.

त्या रात्रीचा यजमान म्हणजे कोच. दक्षिण कॅरोलिनात समरव्हिल नावाचं गाव आहे. तिथं १९५२ साली जॉन मकिसिक नावाचा तरुण कोच म्हणून लागला आणि २०१४ चा हंगाम संपेपर्यंत तिथंच राहिला. ६३ हंगाम, एकच शाळा! विजय ६२१. तोवर देशातल्या कुठल्याही स्तरावरच्या फुटबॉल कोचला एवढे मिळाले नव्हते. त्याच्या हाताखाली बाप खेळले, मुलगे खेळले, नातू खेळले. त्यानं जागा सोडली तेव्हा ती त्याच्याच नातवाकडे गेली. २०१९ मध्ये ९३ व्या वर्षी तो वारला.

सगळ्यांचं असं सुखाचं नसतं. पश्चिम टेक्सासमध्ये तेलावर जगणारं ओडेसा नावाचं शहर आहे. तिथल्या पर्मियन हायस्कूलचा १९८८ चा हंगाम बझ बिसिंजर या पत्रकारानं तिथं मुक्काम ठोकून पाहिला आणि १९९० साली 'फ्रायडे नाइट लाइट्स' हे पुस्तक लिहिलं. पुढं त्यावर सिनेमा आला, मालिकाही आली. त्यात एक प्रसंग आहे. संघ एक सामना हरतो आणि कोच गॅरी गेन्स यांच्या अंगणात लोक 'घर विकणे आहे' अशा पाट्या रोवून जातात. बायकामुलांच्या घरासमोर! दहावीचा निकाल खाली आला म्हणून आमच्या दारात कुणी पाटी लावली नव्हती. फार तर बाजारात दोन माणसांनी तोंड फिरवलं असेल.

असो. मला लिहायचंय ते शुक्रवारबद्दल नाही, गुरुवारबद्दल.

वाचता वाचता मायकल हर्ड यांचं २०१७ चं पुस्तक हाती आलं, 'थर्सडे नाइट लाइट्स'. मला वाटलं कुणीतरी आधीच्या नावाची नक्कल केली. पण नाव अगदी शब्दशः खरं होतं. टेक्सासमध्ये शाळांच्या स्पर्धा घेणारी जी मुख्य संघटना होती, तिची दारं फक्त गोऱ्यांच्या सरकारी शाळांना उघडी. म्हणून कृष्णवर्णीयांच्या शाळांची वेगळी संघटना १९२० साली सुरू झाली. पुढं ती प्रेअरी व्ह्यू इंटरस्कॉलॅस्टिक लीग म्हणून ओळखली गेली, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजच्या नावावरून. नुसता फुटबॉल नव्हे. वक्तृत्व, संगीत, टंकलेखन, सगळ्याच्या स्पर्धा ती घेई. पन्नास वर्षं ती चालली.

या शाळांना स्वतःचं दिव्यांचं मैदान क्वचितच असे. गावातलं स्टेडियम गोऱ्या शाळेचं, आणि शुक्रवार गोऱ्या शाळेचा. मग उरला बुधवार किंवा गुरुवार. हेल्मेटं, खांद्यांची पॅडं, चेंडू हेही पुष्कळदा गोऱ्या शाळेनं वापरून टाकलेलं. दुसऱ्या दिवशी शाळा, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, तरी लोक गुरुवारी लोटत. ह्यूस्टनमध्ये येट्स आणि व्हीटली या दोन शाळांचा थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सामना असे, त्याला तीस-तीस हजार माणूस जमे.

आणि गुरुवारचे कोच! ते आधी शिक्षक होते. गणित, विज्ञान शिकवायचं, संध्याकाळी सराव घ्यायचा, फाटलेली पॅडं शिवायची. अनेक मुलांच्या घरात कॉलेज पाहिलेला माणूस कुणी नसे, तेव्हा कुठल्या कॉलेजला पत्र घालायचं हेही कोचच ठरवी. पूर्व टेक्सासच्या पाइनच्या जंगलात लफकिन हे लाकूड आणि कागदाच्या धंद्याचं गाव. तिथल्या डनबार शाळेला एल्मर रेड यांनी साठच्या दशकात राज्याच्या विजेतेपदापर्यंत नेलं, तेही एकदा नव्हे. याच डनबारचा केन ह्यूस्टन पुढं व्यावसायिक फुटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये गेला. टेंपल या रेल्वेच्या गावातही एक डनबारच होती (कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचं नाव कितीतरी कृष्णवर्णीय शाळांना होतं), तिथला जो ग्रीन पुढं चार वेळा सुपर बोल जिंकला.

बोमाँटचे विली रे स्मिथ यांची गोष्ट मी दोनदा वाचली. दोनशेहून अधिक सामने जिंकलेला हा कोच. स्वतःचे तीन मुलगे त्याच्याच हाताखाली घडले. त्यातला बबा स्मिथ १९६७ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत देशात पहिला आला. पण कॉलेजसाठी तो थेट उत्तरेला मिशिगनला गेला, कारण टेक्सासच्या मोठ्या विद्यापीठांचे संघ तेव्हा कृष्णवर्णीयांना घेत नव्हते. युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दिसला तो १९७० मध्ये. बापानं घडवायचं आणि मग हजार मैलांवर पाठवून द्यायचं.

आता जो भाग आला तो वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९५४ सालीच दिला. दक्षिणेनं तो पंधरा वर्षं टोलवला. शेवटी ऑक्टोबर १९६९ मध्ये मिसिसिपीतल्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं, आता उशीर नाही, लगेच. मग १९७० च्या आसपास गावोगावच्या दोन शाळांची एक शाळा झाली. व्हायलाच हवी होती. त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण एक झाली म्हणजे कशी? जवळजवळ सगळीकडे कृष्णवर्णीयांची शाळा बंद झाली, किंवा तिची प्राथमिक नाहीतर माध्यमिक शाळा झाली, आणि मुलं गोऱ्यांच्या हायस्कूलमध्ये गेली. समरव्हिलमध्येही हेच. तिथली ऑल्स्टन ही कृष्णवर्णीयांची शाळा हायस्कूल म्हणून संपली, मुलं मकिसिक यांच्या शाळेत आली. नाव राहिलं गोऱ्या शाळेचं. रंग, शाळेचं गाणं, बोधचिन्ह तेच. एका शाळेला मुख्याध्यापक एक आणि मुख्य कोचही एक. तो कोण राहणार हे सांगायला नको. राज्याची विजेतेपदं मिळवलेली माणसं सहायक झाली, कुणी माध्यमिक शाळेत गेलं, कुणी खेळच सोडला. एल्मर रेड ह्यूस्टनच्या विद्यापीठात सहायक कोच म्हणून गेले. ते नशीबवान म्हणायचे. शिक्षकांचं तर विचारूच नका. १९५४ ते १९६५ या काळात दक्षिणेच्या आणि तिच्या सीमेवरच्या १७ राज्यांत मिळून ३८ हजारांहून जास्त कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या असा आकडा दिला जातो. आणि शाळा मोठ्या संख्येनं एकत्र झाल्या त्या यानंतर.

मुलं सगळी हवी होती, विशेषतः वेगानं धावणारी. त्यांचे मास्तर नको होते.

ढाली आणि चषकांचं काय झालं? कुठं तळघरात गेले, कुठं चक्क कचऱ्यात. आमच्याकडेही एक लहान शाळा मोठ्या शाळेत विलीन झाली होती. सामान हलवताना शिपाई विचारायला आला, "बाई, या ढाली कुठं ठेवू?" मोठ्या शाळेच्या कपाटात जागा नव्हती. मी म्हटलं, "माळ्यावर ठेव सध्या." ते 'सध्या' मी निवृत्त होईपर्यंत चाललं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं, हेही लिहून टाकते.

या एकत्र येण्यानं चांगलं काहीच झालं नाही असं मात्र कुणी समजू नका. मिसिसिपीत फिलाडेल्फिया नावाचं लहानसं गाव आहे. जून १९६४ मध्ये तिथं मतदार नोंदणीच्या चळवळीतल्या तीन तरुणांचा खून झाला. त्या प्रकरणात तिथल्या उपशेरीफलाच १९६७ साली शिक्षा झाली. खुनाच्या महिनाभर आधी त्याच गावात मार्कस डुप्री हा कृष्णवर्णीय मुलगा जन्मला. तो पहिलीत गेला तेव्हा शाळा नुकतीच एक झाली होती. हायस्कूलमध्ये त्याच्यासारखा धावणारा मुलगा देशात नव्हता, आणि त्याच्याच संघात होता त्या उपशेरीफचा मुलगा. दोघांचा पोशाख एक आणि कोचही एक. शुक्रवारी गाव दोघांसाठी ओरडत होतं. विली मॉरिस या लेखकानं १९८३ मध्ये डुप्रीवर अख्खं पुस्तक लिहिलं.

त्याच मिसिसिपीत दुसरीकडे गोऱ्या पालकांनी रातोरात खाजगी शाळा काढल्या, त्यांची वेगळी संघटना केली, वेगळे सामने भरवले. वेगळं राहण्याची हौस एवढी की पुढं त्यातल्या काही लहान शाळांना अकरा गडीही जमेनात. त्या आठ-आठ जणांचे संघ घेऊन खेळतात.

प्रेअरी व्ह्यू लीग १९७० मध्ये संपली. तिच्या जुन्या कोचांनी आणि खेळाडूंनी पुढं आपली संघटना केली. ते वर्षातून एकदा जमतात, जेवतात, एकेकाचा सत्कार करतात. समोर बसलेल्यांच्या शाळा आता नकाशावर नाहीत. म्हाताऱ्या माणसांना तिथं अजून 'कोच' म्हणून हाक मारतात.

हे सगळं मी एका रात्री नातवाला सांगितलं. तो क्लॅरिनेट पुसत ऐकत होता. म्हणाला, "आजी, आमची पुढची गेम गुरुवारीच आहे." मी दचकले. मग कळलं, त्यांच्या भागात तीन-चार शाळांत मिळून एकच स्टेडियम आहे, त्यामुळं पाळीपाळीनं गुरुवार, शुक्रवार, शनिवार वाटून घेतात. म्हणाला, "कोणालाच गुरुवार नको असतो. क्राउड कमी येतो आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट असते."

गुरुवारी मी जाणार आहे. लेकीनं स्वेटर काढून ठेवलाय.