वानखेडे क्रीडांगणाचें नामकरण

भंडारा जिल्ह्यांतील पवनी येथें सांपडलेल्या छायास्तंभावर महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचें नांव कोरलेलें आहे. त्या एका लेखावांचून या पुरुषाची माहिती इतिहासास जवळजवळ नाहीं. नांव टिकलें, मनुष्य लोपला. स्थळावरील नांवाकडे साधन म्हणून पाहण्याची संवय आम्हांस या स्तंभानें लावली. म्हणून विदर्भांतील एका गृहस्थाचें नांव मुंबईच्या क्रीडांगणास कसें मिळालें, याचा येथें विचार करीत आहों.

मुंबईचे कसोटी सामने पूर्वीं ब्रेबोर्न क्रीडांगणावर होत. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियानें तें बांधिलें. 1936 सालीं गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांनीं पायाचा दगड बसविला. 1937 च्या डिसेंबरांत तें उघडलें तेव्हां ते बंगालच्या गव्हर्नरीवर गेलेले होते. जमीन मिळविण्यासाठीं ॲन्थनी डिमेलो यांनीं, द्रव्य घेतां कीं अमरत्व, अशा अर्थाचा प्रश्न त्यांस केल्याची आख्यायिका आहे. ती फार रंगतदार आहे, एवढ्याचसाठीं जपून घ्यावी. परंतु तिचें मर्म खोटें नव्हे: हें नांव जमिनीच्या व्यवहाराची पावतीच होय.

दुसऱ्या नांवाचें मूळ निराळें. क्लब व बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यांत सामन्यांच्या जागांच्या वांटणीवरून दीर्घकाळ तंटा चालला होता. असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव कृष्णराव वानखेडे हे 1972 पासून महाराष्ट्र विधानसभेचेहि अध्यक्ष होते. असोसिएशननें स्वतःचें क्रीडांगण उभारण्याचें ठरविलें. शशी प्रभू यांच्या आराखड्यावरून काम सुमारें तेरा महिन्यांत उरकलें, आणि 1975 च्या जानेवारींत वेस्ट इंडीजविरुद्धचा कसोटी सामना तेथें झाला. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद 242 धावा क्रीडारसिकांस आठवतात. नांवाचा धनी क्वचितच कोणास.

तंटा हें कारण खरें, पण तेवढ्यानें नांवाचा उलगडा होत नाहीं. 1956 पर्यंत नागपूर, भंडारा हे जिल्हे मध्यप्रदेशांत होते व नागपूर ही त्याची राजधानी. त्या सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला व 1960 त महाराष्ट्रांत राहिला. ही घडामोड नसती तर नागपूरकडील वकिलाचें वजन मुंबईंत इतकें पडलें नसतें. शिवाय वानखेडे 1988 पर्यंत हयात होते, तेव्हां हें स्मारक नव्हे. दात्याचेंहि नांव नव्हे. तें कर्त्याचें नांव असून राज्यपुनर्रचनेचा एक लेखच आहे, असें आम्हीं समजतों.

आतां लोक नुसतें ‘वानखेडे’ म्हणतात, शेषराव गळले. रुपिअम्माची गति यासहि लागण्यास फार काळ नको. 1975 पूर्वींचीं व नंतरचीं सामन्यांचीं तिकिटें, निमंत्रणपत्रें, हस्तलिखित टिपणें ज्या संग्राहकांपाशीं असतील, त्यांनीं त्यांवरील क्रीडांगणाचें नांव जसेंच्या तसें उतरून ठेवावें. नागपूर-भंडाऱ्याकडील घरांतून अशीं कागदपत्रें निघण्याचा संभव आम्हांस अधिक वाटतो.