तोतया कोण, आणि राज्य कोणाचं?

आमच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला संभाजी महाराजांची समाधी आहे. तिथे येणारे पुष्कळ. पण त्यांचा मुलगा शाहू गादीसाठी पहिली मोठी लढाई कोणाशी लढला, हे विचारून बघा. मोगलांशी नाही, चुलतीशी!

1689 मध्ये रायगड पडला तेव्हा येसूबाईंबरोबर सात वर्षांचा शाहू मोगलांच्या कैदेत गेला. राज्य राजारामांनी जिंजीहून चालवलं. 1700 मध्ये ते गेले. ताराबाईंनी चार वर्षांच्या मुलाला गादीवर बसवलं आणि पुढची सात वर्षं औरंगजेबाला दमवलं. 1707 मध्ये बादशहा मेला आणि शाहू सुटला. आता गादी कोणाची?

ताराबाई दोन गोष्टी म्हणाल्या. एक, हा शाहू नव्हेच, तोतया आहे. दोन, खरा असला तरी थोरल्या महाराजांचं राज्य संभाजीराजांच्या वेळी गेलं; आज आहे ते राजारामांनी नव्याने उभं केलं, म्हणून ते त्यांच्या मुलाचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले हे दोन प्रश्न कायम वेगळे ठेवतो. लॉगिन करणारा माणूस तोच आहे का, हा एक. तोच असला तरी त्याला ही फाइल उघडायचा हक्क आहे का, हा दुसरा. पहिल्याला पुरावा लागतो, दुसऱ्याला नियम. मराठी राज्यात वारसाचा पक्का नियमच नव्हता. 1680 मध्येही संभाजी की राजाराम, असा पेच पडलाच होता.

त्यामुळे सगळा जोर पहिल्या प्रश्नावर आला. परसोजी भोसले शाहूच्या ताटात जेवले, म्हणजे तो खरा, असं सांगतात. 12 ऑक्टोबर 1707 ला खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला, दोन्ही फौजा भिडल्या. दौंडवरून वाहणाऱ्या याच भीमेच्या काठी. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूकडे वळले आणि निकाल लागला. जानेवारी 1708 मध्ये साताऱ्याला शाहूचा राज्याभिषेक झाला.

असाच खटला 899 मध्ये इंग्लंडमधल्या वेसेक्सला झाला होता. ॲल्फ्रेड राजाने डेन लोकांपासून राज्य वाचवलं. तो मेल्यावर त्याच्या थोरल्या भावाचा मुलगा एथेलवोल्ड हक्क सांगत उठला. तिथे मात्र राज्य वाचवणाऱ्याचा मुलगा एडवर्ड टिकला आणि पुतण्या 902 च्या लढाईत मारला गेला. प्रश्न तोच, उत्तर उलटं. कारण दोन्हीकडे उत्तर नियमाने नव्हे, फौजेने दिलं.

आपल्याकडे दुसऱ्या प्रश्नाचा न्याय झालाच नाही, वाटणी झाली. 1731 च्या तहाने वारणा नदी सीमा ठरली. उत्तरेला सातारा, दक्षिणेला कोल्हापूर. पुढे शाहू निपुत्रिक गेले, तेव्हा ताराबाईंनीच रामराजाला आपला नातू म्हणून पुढे आणलं. तो ऐकेना, तेव्हा त्याला कैद केलं आणि 1752 मध्ये जेजुरीच्या खंडोबासमोर शपथ घेतली, की हा माझा नातू नव्हे.

ताराबाईंना खोटारडं ठरवणं सोपं आहे. मला मात्र त्यांचा दुसरा मुद्दा आजही वजनदार वाटतो. शिरूर-दौंडकडे सातबाऱ्यावरून भाऊबंदकी पेटते, तेव्हा नाव असलेला आणि जमीन कसलेला असे दोघे समोरासमोर उभे असतात. कसणाऱ्याचं म्हणणं ऐकायला जागाच नसेल, तर तो समोरच्याची ओळखच नाकारू लागतो. राजघराण्यात त्यालाच तोतया म्हणत.