छायाकर्ण आणि पाईप फिटरची वही

पाईप फिटरचे काम आपल्याला अनोळखी नाही. १९५४-५५ साली तुर्भ्याला तेलशुद्धीकरणाचे कारखाने उभे राहिले, १९७३ नंतर आखाती देशांत कामे निघाली, आणि कोकणातल्या कित्येक घरांची चूल या धंद्यावर पेटली. तरीसुद्धा मुलाने आय.टी.आय.ला जातो म्हटले की पालकांचा चेहरा उतरतो. याला गणित जमले नसणार, असे परस्पर ठरवले जाते. हा समज किती चुकीचा आहे ते या धंद्याचा इतिहासच सांगेल.

अनुभवी फिटरच्या वहीत चार आकडे हमखास सापडतात : ६० अंशांना १.१५५, ४५ ला १.४१४, ३० ला २ आणि साडेबावीसला २.६१३. समजा, चार इंची पाईप सरळ चालला आहे, मध्ये खांब आला. पाईप ५०० मिलिमीटर बाजूला घेऊन पुन्हा पहिल्या दिशेला समांतर न्यायचा आहे. दोन्ही टोकांना ४५ अंशांचे एल्बो येतील. मधला तिरका तुकडा किती लांबीचा कापावा? फिटर ५०० ला १.४१४ ने गुणतो, ७०७ येतात. पण हे अंतर एका एल्बोच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचे झाले. प्रत्येक एल्बो ६४ मिलिमीटर जागा खातो, ते १२८ गेले. वेल्डिंगसाठी दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर फट सोडली, की उरले ५७३. जो ७०७ चाच तुकडा कापील त्याचा पाईप भिंतीत घुसेल!

आता हे आकडे आले कोठून? ते आले उन्हातून. जमिनीत उभी काठी रोवली की तिची सावली पडते. काठीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत जी तिरकी रेघ, तिला आपल्या जुन्या ज्योतिषांनी छायाकर्ण म्हटले. ते बारा अंगुळांचा शंकू घेत. बगदादच्या विद्वानांनी हे शास्त्र पुढे नेले; असरच्या नमाजाची वेळ सावलीच्या लांबीवरून ठरते, तेव्हा त्यांना सावलीचा हिशेब रोजचाच होता. अरबीत याच रेघेला 'कुत्र अल्-झिल्ल', म्हणजे सावलीचा कर्ण, असे नाव आहे. शंकूच्या जागी फिटरचे ५०० मिलिमीटर ठेवा, सूर्याच्या उंचीच्या जागी एल्बोचा कोन ठेवा. छायाकर्ण म्हणजेच तो तिरका पाईप. दहावीच्या पुस्तकात ज्याला कोसेक म्हणतात तो हाच, आणि वहीतले चार आकडे त्याचेच.

हबश अल्-हासिब, अल्-बत्तानी यांसारख्यांनी नवव्या-दहाव्या शतकांत सावलीची कोष्टके मांडली. त्याआधी ४९९ साली आर्यभटाने ज्येची कोष्टके दिली होती. संस्कृतातली ज्या किंवा जीवा अरबीत 'जीबा' झाली. अरबी लिपीत स्वर गाळून लिहितात, म्हणून ती पुढे 'जैब' वाचली गेली. जैब म्हणजे कपड्याची घडी, आपण खिशाला जेब म्हणतो तोच शब्द. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये त्याचे 'सायनस' असे भाषांतर झाले आणि त्यावरून साइन आला. आमच्या मुलांना ज्या शब्दाची धडकी भरते तो असा घरचाच, प्रवास करून परत आलेला!

परंतु या सर्वांत मला मोठा वाटतो तो अबुल वफा अल्-बूझजानी. खुरासानातल्या बूझजान गावी ९४० साली जन्मलेला हा गणिती ९५९ साली बगदादला आला व ९९८ साली वारला. साइनपासून कोसेकपर्यंतची सहाही गुणोत्तरे त्याला अवगत होती. एवढा पंडित, पण त्याने खास कारागिरांसाठी भूमितीचा ग्रंथ लिहिला. त्यात एका बैठकीची हकीकत आहे. तीन सारखे चौरस कापून त्यांचा एकच चौरस कसा जोडावा, असा प्रश्न निघाला. पंडितांना नव्या चौरसाची बाजू काढता येत होती, पण तुकडे कसे कापावेत हे सांगता येईना. कारागिरांची कापणी डोळ्यांना बरोबर दिसे, पण मापाला उतरत नसे. मग अबुल वफाने दोन चौरस कर्णावर कापले, त्यांचे चार त्रिकोण तिसऱ्याभोवती मांडले, आणि बाहेर आलेले कोपरे छाटून खाचांत बसवले. पुरावाही पक्का, कापणीही सोपी. दोन्ही पक्षांच्या उणिवा त्याने स्पष्ट लिहिल्या आहेत, आणि पंडितांना सूट दिलेली नाही.

लोखंडी पाईप फार अलीकडचा. कॉर्नेलियस व्हाइटहाउस या इंग्रज कारागिराने १८२५ साली वेल्ड केलेल्या नळीचे पेटंट घेतले, नळ्या स्वस्त झाल्या, पुढे ठराविक कोनांचे एल्बो आले. कोन ठरला म्हणून गुणक ठरला आणि सावलीचे कोष्टक वहीच्या एका पानावर मावले.

विद्यार्थ्यांनी एक हिशेब घरी करून पाहावा. पाईप ४०० मिलिमीटर वर आणि त्याचबरोबर ३०० मिलिमीटर बाजूला सरकवायचा आहे. आधी ४०० आणि ३०० चा कर्ण काढा. तो ५०० येतो. मग १.४१४ ने गुणा. आणि एल्बोचे ६४ मिलिमीटर कसे आले हेही तपासा : त्याच्या वळणाची त्रिज्या १५२ मिलिमीटर, तिला ०.४१४ ने गुणायचे. येतील ६३, तक्त्यात ६४ छापतात. हा ०.४१४ म्हणजे त्याच १.४१४ मधून एक वजा.