विश्रांतीचा सल्ला आणि चालण्याचा उपचार

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्यातल्या क्षयरोग्यांसाठी विकाराबादजवळ अनंतगिरीच्या डोंगरावर आरोग्यधाम होते. मोकळी हवा, सकस आहार आणि सक्तीची विश्रांती हाच तेव्हा जगभरचा उपचार होता. क्षयावर औषध नव्हते, म्हणून त्या काळाला दोष देता येत नाही. पण औषधे आली तरी ‘छातीचा आजार म्हणजे पडून राहायचे’ हा समज उरला आणि सीओपीडीच्या (श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या फुफ्फुसविकाराच्या), जुन्या दम्याच्या रोग्यांनाही चिकटला. नांदेड-लातूरने तो आता सोडायला हवा.

या समजाला पहिला मोठा धक्का भारतातच बसला. मद्रासच्या क्षयरोग केंद्राने १९५९ मध्ये दाखवून दिले की, घरी राहून औषधे घेणारे गरीब रोगी कमी विश्रांती आणि कमी आहार मिळूनही आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात. तिकडे अमेरिकेत ॲल्व्हन बराक यांनी १९५२ मध्येच धाप लागणाऱ्या रोग्यांना चालवण्याचा आग्रह धरला होता. १९९१ मध्ये संशोधक कासाबुरी यांच्या सीओपीडीच्या रोग्यांवरील प्रयोगाने त्यामागचे कारण उलगडले: व्यायामाने फुफ्फुस सुधारत नाही, पायांचे स्नायू सुधारतात. तेवढ्याच कामाला मग श्वास कमी लागतो. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात ६५ चाचण्यांचा कौल याच बाजूने पडला.

यावर कोणी म्हणेल, नांदेडच्या उस्मानशाही मिलमध्ये किंवा जिनिंगमध्ये रुईची धूळ, लातूरच्या डाळमिलमध्ये तुरीचा भुसा आणि घरी चुलीचा धूर खात ज्यांनी जन्म राबून काढला, त्यांना आणखी व्यायाम कशाला? पण कष्टाला मोजमाप नसते, आणि धाप लागू लागली की माणूस आधी कामच सोडतो. मग पाय झिजतात आणि धाप वाढते. उपचारातला व्यायाम मोजूनमापून वाढवला जातो. हृदयाची तपासणी आधी होते, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर असतो. प्राणायामाने श्वासाला शिस्त लागते, पण पायांना ताकद येत नाही. इनहेलर तर चालूच ठेवायचा असतो.

यंत्रे नाहीत, ही सबबही टिकत नाही. तीस मीटरचा व्हरांडा आणि एक घड्याळ एवढ्यावर सहा मिनिटांच्या चालण्याची चाचणी होते. रोगी भिंतीला टेकून थांबला तरी घड्याळ थांबवत नाहीत; एकूण किती मीटर चालला तेवढे लिहून ठेवतात. लातूरला विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून आहे, नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासून, आणि व्हरांडा तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही असतो. औषधाच्या चिठ्ठीसोबत चालण्याचा तक्ता लिहून देणे आणि दर आठवड्याला तो तपासणे, इतके इथल्या प्रत्येक दमेकऱ्याच्या वाट्याला आलेच पाहिजे.